गिळलेला ठोका

चौथीच्या बाईंच्या वर्गात पाठांतर हा गुन्हा होता. "पुस्तकात लिहिलंय म्हणून," असं कुणी म्हटलं रे म्हटलं की बाई कपाळावर हात मारून घेत. "पुस्तकाने पाहिलं असेल बाबा, तू पाहिलंस का? करून बघ!" या करून बघण्यापायी वर्गातल्या दोन बादल्या कामी आल्या होत्या आणि एकदा खिडकीचा पडदा पेटता पेटता राहिला होता. मुलांनी बाईंचं नावच 'करून-बघा' पाडलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. वरून त्या रागावल्याचं सोंग करत. टोपणनाव मिळायलासुद्धा कर्तृत्व लागतं. शेजारच्या तिसरीच्या सरांना मुलं नुसतं 'ते' म्हणत.

शाळेच्या मुख्याध्यापकांचं, म्हणजे मोठ्या सरांचं, विज्ञानाशी वैर नव्हतं. त्यांचं वैर होतं फरशीवर सांडलेल्या पाण्याशी. "बाई, तुमचा प्रयोग यशस्वी झाला हे मला कसं कळतं माहितीये? शिपाई रजा मागायला येतो," असं ते म्हणत. पण या वर्षी त्यांचा सूर जरा मऊ होता. वरच्या कचेरीतले साहेब 'कृतीतून विज्ञान' पाहायला शाळेत येणार होते, आणि दाखवण्याजोगी कृती शाळेत एकाच वर्गात होत होती. गरज पडली की माणसाला दुसऱ्याचे दोषही गुणांसारखे दिसू लागतात.

बाईंनी त्यासाठी हृदयाचा धडा निवडला. प्रत्येक मुलाने आपलं ऐकण्याचं यंत्र स्वतः करायचं: प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापून त्याचं नरसाळं, त्याच्या रुंद बाजूवर ताणून बसवलेला फुगा, आणि दुसऱ्या टोकाला रबरी नळी. बाटल्या घरोघरी होत्या, फुगे बाईंनी आणले. अडलं ते नळ्यांपाशी.

"माझे बाबा देतील!" प्रश्न पुरा व्हायच्या आत घाई ओरडली.

ही मुलगी सगळ्याच गोष्टी पुऱ्या व्हायच्या आत करायची, म्हणून सगळा वर्ग तिला घाई म्हणे. तिच्या वहीत बेरीज बरोबर आणि उत्तर चूक, कारण उत्तर उतरवताना एखादा आकडा वाटेत सांडलेला. मणी मोजायला दिले तर एक, दोन, चार. "तीनाशी तुझं भांडण आहे का गं?" असं बाई विचारत, आणि सगळ्यांत मोठ्याने घाईच हसे.

तिचे बाबा नळदुरुस्तीचं काम करत. दुसऱ्या दिवशी ते नळीचं भेंडोळं खांद्यावर टाकून शाळेत हजर झाले आणि व्हरांड्यात उकिडवे बसून तुकडे कापू लागले. मापाला पट्टी नव्हती. आपल्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत नळी धरायची आणि सप्‌कन पातं चालवायचं. भोवती पोरांचा गराडा.

"बाई, एवढ्या नळ्यांतून एकदम पाणी सोडलं तर तुमची शाळा वाहून जाईल."

"पाणी नाही सोडायचं, ऐकायचंय. माणसाचं काळीज."

"मग तर गळती नक्की निघणार," ते म्हणाले. "काळीज म्हटलं की कुठेतरी गळतंच."

अर्ध्यावर ते थांबले. भिंतीला पाठ लावून बसले, कपाळ पुसलं. बाईंनी पाणी मागवलं. "ऊन आहे," बाई म्हणाल्या. "ऊन आहे," तेही म्हणाले, आणि दोघांचंही समाधान झालं.

घरचा अभ्यास असा होता: घरातल्या मोठ्या माणसाला निजवायचं, नरसाळं छातीवर ठेवायचं, नळी कानाशी धरायची आणि एका मिनिटात किती ठोके पडतात ते मोजून आणायचं. वर्गाच्या भिंतीवर एक मोठा तक्ता. प्रत्येक मुलासमोर एक चौकोन. बाईंनी बजावलं होतं, "जे ऐकलं तेच आणा. गोड करून आणू नका." तक्ता भराभर भरला. सत्तर, अडुसष्ट, ऐंशी. एकाच्या आजोबांचे साठ, एकाच्या आईचे नव्वद, कारण तिने नुकतीच पाण्याची घागर वर चढवली होती. बाईंनी त्या नव्वदचं भरपूर कौतुक केलं. एकच चौकोन रिकामा राहिला.

"आकडा येतच नाही बाई," घाई म्हणाली.

"न यायला काय झालं?"

"मी मोजते ना, तर मध्येच थांबतं. मग घाईघाईने दोन-तीन येतात. मग परत एक गिळतं."

"कोण गिळतं?"

"बाबांचं काळीज. ठोका गिळतं."

वर्गात खसखस पिकली. दुसऱ्या दिवशी साहेब यायचे होते. तक्त्यावर रंगीत पट्ट्या चिकटवायच्या राहिल्या होत्या, मोठे सर सकाळपासून दोनदा डोकावून गेले होते, आणि तो रिकामा चौकोन पडलेल्या दातासारखा दिसत होता. बाई हसल्या. दुष्टपणाने नव्हे, आपल्या लाडक्या मुलीला माणूस हसतं तसं.

"ठोके कुणी गिळत नाही गं बाळ. मोजताना तू गिळतेस. तीन गिळतेस तसा. पुन्हा मोज, सावकाश, आणि एक धड आकडा घेऊन ये."

आता सगळा वर्ग हसला. घाईही हसली, पण जरा मागाहून.

दुसऱ्या दिवशी ती आकडा घेऊन आली: बहात्तर. बाईंना तो ओळखीचा वाटला. घाईच्या बाकावरच्या मैत्रिणीच्या बाबांचाही बहात्तरच होता. बाईंच्या मनात पाल चुकचुकली, पण बाहेर साहेबांच्या गाडीचं दार वाजलं, आणि पालीपेक्षा दाराचा आवाज मोठा असतो. बाईंनी चौकोनात बहात्तर लिहिलं. साहेबांनी तक्त्यासमोर उभं राहून मान डोलावली. "सुबक," ते म्हणाले. मोठ्या सरांनी हा शब्द पुढे कितीतरी दिवस पुरवून पुरवून वापरला.

परीक्षेच्या तोंडावर घाईचे बाबा गेले. कुणाच्या तरी घरी नळ बसवायला गेले होते. काम झालं, पाणी सुरू करून दाखवलं, आणि जिन्यात टेकले ते उठलेच नाहीत.

बाई भेटायला गेल्या. दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत सतरंजी, कोपऱ्यात हत्यारांची पिशवी अजून तशीच उभी. घाईची आई कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानात कामाला होती. तिच्या बोटांवर जुन्या चटक्यांचे डाग होते आणि ती ते नखाने खरवडत होती.

"डॉक्टर म्हणाले, ठोके बरेच दिवस चुकत असणार," ती म्हणाली. "कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं विचारत होते. वेळेवर गोळ्या सुरू झाल्या असत्या तर कदाचित, म्हणाले. आता कुणाच्या लक्षात येणार, बाई? वरून तर माणूस खणखणीत."

बाईंच्या हातातला पेला हातातच राहिला. खोलीच्या पलीकडच्या टोकाला घाई भिंतीला टेकून बसली होती. तिने वर पाहिलं नाही. सतरंजीच्या कडेचे दोरे ती एकेक करून मोजत होती. शेवटाला पोचली की पुन्हा पहिल्यापासून.

शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा घाई पाचवीत गेली होती, पण विज्ञान बाईंकडेच होतं. मुलीत एक सुधारणा झाली होती आणि सगळे शिक्षक तिची तारीफ करत होते. ती आता घाई करत नसे. एकही आकडा सांडत नसे. गणिताचे सर म्हणाले, "पोरीला दुःखाने शहाणपण आलं." माणसं दुसऱ्याच्या दुःखाचा हिशेब किती चटकन नफ्यात काढतात!

बाईंना मात्र ते शहाणपण काही बरं दिसेना. खरं काय ते त्यांना पाण्याच्या भांड्यापाशी कळलं.

त्या दिवशी काय तरंगतं, काय बुडतं ते बघायचं होतं. प्रत्येक बाकावर एक भांडं, आणि त्यात सोडायला खिळा, बूच, मेणबत्ती, आणि टाचा घासायचा तो भोकाभोकांचा हलका दगड. बाई मुद्दाम तो दगड ठेवत; दगड तरंगताना पाहून मुलांचे डोळे मोठे होतात तेवढ्यासाठी. घाईच्या मैत्रिणीने भांड्याकडे न बघताच लिहून टाकलं होतं: दगड बुडतो. दगड बुडतोच, त्यात बघायचं काय? घाईने दगड पाण्यात सोडला. तो तिच्या नाकासमोर बदकासारखा डुलत राहिला. घाईने त्याच्याकडे पाहिलं. मग शेजारच्या वहीत पाहिलं. मग लिहिलं: दगड बुडतो.

बाई वाकल्या. "दगड कुठंय गं?"

"वर."

"मग बुडतो कसा?"

"माझं चुकत असेल," घाई म्हणाली. आवाजात रुसवा नव्हता, टोमणा नव्हता. आपली उंची सांगावी तसं तिने सांगितलं. "मला नीट बघता येत नाही. मोजतासुद्धा येत नाही. म्हणून मी तिचं बघून लिहिते."

तास संपल्यावर बाई तडक मोठ्या सरांच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगितलं. ठोके, हशा, बहात्तर. मोठे सर पडलेल्या चेहऱ्याने ऐकत राहिले. माणूस वाईट नव्हता.

"तुमच्या मनात काय आहे?"

"तिला सांगायचं. की तू बरोबर ऐकलं होतंस."

"आणि मग ती विचारेल, बरोबर ऐकलं होतं तर बाबा वाचले असते का. काय सांगाल?"

सरांनी उत्तराची वाट पाहिली नाही.

"आत्ता तिला वाटतं आपल्याला मोजता येत नाही. वाईट आहे, पण जगता येतं. निम्म्या दुनियेला मोजता येत नाही. तुम्ही सांगितलंत की तिला वाटेल, आपल्याला कळलं होतं आणि आपण बहात्तर लिहिलं. बापाचं मरण पोरीच्या ओटीत टाकाल तुम्ही." ते थांबले. मग हळूच म्हणाले, "रागावू नका बाई, पण तुमच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. ते जाईल कुणाच्या डोक्यावर, एवढंच बघा."

हे उत्तर बाईंना शेंगेतल्या किड्यासारखं आतून पोखरत राहिलं, कारण ते खोटं नव्हतं. त्यांनी स्वतःला पुष्कळ उलटसुलट विचारलं. मला सांगायचंय ते तिच्यासाठी की माझ्यासाठी? दोन्ही बाजूंना आपलंच नाव निघे. शेवटी त्यांनी ठरवलं, की मुलीआधी आईला विचारायचं. हक्क असला तर तिचा.

दुकानाच्या मागच्या खोलीत वाफेचा आणि साबणाचा वास कोंडला होता. घाईची आई एकामागून एक चादरी घडी करत होती. बाईंना पाहून तिने स्टूल पुढे सरकवलं, पण हात थांबवले नाहीत. बाई बोलत गेल्या. चादरीचे कोन जुळत होते, इस्त्री फिरत होती. सगळं सांगून झालं. बाईंना वाटलं, आता ही इस्त्री फेकून मारेल, आणि मारली तर आपण हलायचं नाही.

"तिने मलाही सांगितलं होतं," घाईची आई म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी. नळी लावून बसली होती त्यांच्या छातीवर. म्हणाली, आई, बाबांचं मध्येच बंद पडतं. मी म्हटलं, ऊठ आता, दमून आलेत, निजू दे त्यांना." तिने चादर उलटली. "आणि ते काय म्हणाले, ऐका. म्हणाले, अगं, नळात हवा शिरली की पाणी असंच थांबत थांबत येतं. माझ्यात हवा शिरलीय. हसले. मी हसले. तीच एक हसत नव्हती. मग आम्ही तिला गुदगुल्या केल्या."

इस्त्रीखाली कापड करपल्याचा वास आला. तिने ती झटकन उचलली. पांढऱ्या चादरीवर पिवळा डाग उठला होता.

"बघा," ती म्हणाली, आणि डागाकडे बघत पहिल्यांदाच रडली. बाई उठल्या, पण हात कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. त्यांनी चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून तिची घडी घातली, डाग आत जाईल अशी.

"ताई, तुम्ही नको म्हणालात तर मी नाही सांगणार."

"सांगा," ती म्हणाली. "रोज रात्री माझ्या छातीवर हात ठेवून झोपते. विचारलं, मोजतेस का? तर म्हणते, नाही, मला येत नाही. नुसता हात ठेवते." तिने पदराने नाक पुसलं. "सांगा तिला. पण सगळं सांगा. एकट्या तुमचं नका सांगू. माझंही सांगा, त्यांचंही. गेलेल्या माणसाला सूट देऊ नका."

शनिवारी शाळा लवकर सुटे. बाईंनी घाईला थांबवून घेतलं. पाचवीच्या रिकाम्या वर्गात नको वाटलं, म्हणून त्या तिला चौथीत घेऊन गेल्या. तक्ता अजून भिंतीवरच होता. साहेबांना आवडलेली वस्तू काढायची मोठ्या सरांची छाती नव्हती.

बाईंनी गोड करून सांगितलं नाही. घाई आपल्या जुन्या बाकावर बसून ऐकत होती. तिचे गुडघे आता बाकाला लागत होते.

"म्हणजे खरंच गिळत होतं?" तिने विचारलं.

"खरंच. तू ऐकलंस तसंच. एकही ठोका तू सांडला नव्हतास."

"मग बाबा वाचले असते?"

बाईंनी हे उत्तर आठवडाभर घासूनपुसून ठेवलं होतं. ऐनवेळी त्यातलं काहीच तोंडात येईना. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, कदाचित. आम्ही तिघांनी तुझं ऐकलं असतं तर त्या कदाचितला जागा मिळाली असती. आम्ही नाही ऐकलं. मी तर सगळ्यांसमोर हसले."

घाईने तक्त्याकडे पाहिलं.

"मी परत सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "मी मैत्रिणीचं बघून लिहिलं. मोठ्यांदा ओरडायला हवं होतं मी."

मोठे सर म्हणाले होते तेच झालं. बाईंनी ते ओझं जाताना डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी काहीतरी म्हटलं. ओरडायचं काम लहान मुलाचं नसतं, एकदा सांगितलं की मोठ्यांचे कान उघडायला हवेत, असं. ते खरं होतं आणि तरी पुरत नव्हतं. मुलगी ओक्साबोक्शी रडली. मग बाईही रडल्या. समजूत घालणारं त्या खोलीत कुणीच नव्हतं.

मग घाईने नाक ओढलं. "नळ्या आहेत?"

कपाटात एका खोक्यात त्या होत्या. तिने खोकं उपसून एक यंत्र काढलं, फुगा दाबून पाहिला, नळी कोपरापासून बोटांपर्यंत धरून बघितली. तिच्या हाताला ती बरीच लांब होती.

"बसा," ती म्हणाली. "आणि बोलू नका."

बाई बसल्या. घाईने नरसाळं त्यांच्या छातीवर टेकवलं, नळी कानाला लावली आणि घड्याळावर नजर रोखली. ओठ हलू लागले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा एक फेरी करून आला, दुसरी करून आला, तिसरीही करून आला. बाहेर शिपाई किल्ल्या वाजवत उभा होता. बाईंनी त्याला हातानेच थांबवलं.

"किती?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तीनदा मोजले. तिन्ही वेळा वेगळे आले," घाई म्हणाली. ती क्षणभर थांबली, शेजारी कुणाची वही असल्यासारखी बाजूला नजर गेली. तिथे बाक रिकामं होतं. "पण तुम्ही रडत होतात, म्हणून असेल. गिळत नाही. तुमचं एकही गिळत नाही."

"नक्की?"

घाईने पुन्हा नळी कानाला लावली आणि पुन्हा ऐकलं, पहिल्यापासून. मग मान हलवली.

"नक्की."

तिने नळी गुंडाळली, तिचे बाबा भेंडोळं गुंडाळत तशी, पंज्याभोवती. "ही मी नेऊ? आईचं ऐकायचंय." बाईंनी मान हलवली. दारापर्यंत जाऊन ती परत आली, आणि बाईंच्या टेबलावरचा खडू उचलून तक्त्यापाशी गेली. कागदावर खडू उमटेना. तिने घासून पाहिलं, उलटा धरून पाहिला. मग बोटाला थुंकी लावून ते बहात्तर पुसायला लागली. शाई पुसली गेली नाही, नुसती पसरली.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "मी काढते तो तक्ता."

"नको," घाई म्हणाली. तिने निळं बोट फ्रॉकला पुसलं. "असाच दिसू दे."

आणि नळी छातीशी धरून ती निघाली. जिना ती सावकाश उतरली. पूर्वी ती दोन दोन पायऱ्या गाळत उड्या मारत जायची. बाई वर उभ्या राहून शेवटच्या पायरीपर्यंत ऐकत राहिल्या, पण त्या दिवशी तिने एकही पायरी गाळली नाही.